बंद झालेलं जनुक बंदच कसं राहतं? झाडीपट्टीतल्या एका सिकलसेल बाळाचं प्रकरण

मुलगा रोवणीच्या दिवसांत जन्मला. चंद्रपूर जिल्ह्याची पूर्व बाजू, झाडीपट्टी. खरिपात धान, धान निघालं की मिरची तोडायला तेलंगणात, परतल्यावर मोहफूल आणि तेंदूपत्ता, असं तिथलं वर्ष. घरात आई, वडील, मोठी बहीण आणि आजी. ओळख लागू नये म्हणून गावाचं नाव देत नाही आणि घरातले काही तपशील बदलले आहेत. तपासण्या आणि आजाराचा क्रम तसाच ठेवला आहे.

आई गरोदरपणात सोल्युबिलिटी या सिकलसेलच्या प्राथमिक चाचणीत पॉझिटिव्ह आली, पुढे एचपीएलसीत (रक्तातली हिमोग्लोबिनं वेगळी करून मोजणारी तपासणी) 'एएस' निघाली, म्हणजे वाहक. वडिलांचं रक्त मिळवायला आशाताईंना थेट बांधापर्यंत जावं लागलं. तेही एएस. मोठी मुलगी 'एए', म्हणजे दोष नसलेली, असल्यामुळे घरात समजूत अशी की आपल्यावरून ते टळलं. तसं नसतं. दोघं वाहक असले की दर गरोदरपणात मूल सिकलसेलचं निघण्याची चारात एक ही शक्यता नव्याने उभी राहते; आधीचं मूल कसं निघालं याचा तिच्याशी काही संबंध नाही.

जन्मानंतर टाचेतून घेतलेल्या थेंबात दोनच हिमोग्लोबिनं दिसली. सुमारे पाऊण हिस्सा 'एफ', म्हणजे गर्भीय हिमोग्लोबिन, आणि उरलेलं 'एस', म्हणजे सिकलसेलचं. मोठ्यांचं नेहमीचं 'ए' नाहीच. अहवालावर 'एफएस' असं लिहून आलं. पेनिसिलिन, फॉलिक अ‍ॅसिड, लशी, प्लीहा कशी चाचपायची हे सगळं आईला समजावून सांगितलं.

आणि बाळ ठणठणीत राहिलं. वजन वाढत होतं, ताप नाही, कावीळ नाही. पाचव्या महिन्यात आजींनी निकाल देऊन टाकला की कागद दुसऱ्या कोणाचा असणार. पेनिसिलिन कधी दिलं, कधी राहिलं. आजींना दोष देण्यात अर्थ नाही. डोळ्यांसमोर गुटगुटीत पोट्टा असताना कागदावरच्या दोन अक्षरांवर कोण विश्वास ठेवणार?

एप्रिलमध्ये, आठव्या महिन्यात, त्याला ग्रामीण रुग्णालयात आणलं तेव्हा दोन्ही हातांना एरंडाची पानं गरम करून बांधलेली होती. पानं सोडली. हाताची पाठ फुगून तकतकीत झाली होती, बोटं मुळाशी जाड आणि टोकाशी नेहमीसारखी. बोटाला हात लावला की तो आधी श्वास रोखायचा, मग किंचाळायचा. आईच्या गळ्यातली पोत ओढायची त्याची सवय होती. ती ओढताना तो बोटं न वापरता दोन मनगटांमध्ये धरत होता. हातापायांच्या लहान हाडांतला रक्तपुरवठा विळ्याच्या आकाराच्या पेशींनी अडला की असं होतं. सिकलसेलच्या बाळात बहुतेकदा हीच पहिली सलामी असते, साधारण सहा महिने ते दोन वर्षांच्या दरम्यान. प्लीहा बरगडीखाली दोन बोटं लागली. एचपीएलसी पुन्हा पाठवली. आता 'एफ' २८ टक्के आणि 'एस' दोन तृतीयांश.

सलाईन, वेदनाशामक, दोन दिवसांत सूज उतरली. हे प्रकरण लिहायचं कारण सूज नाही. कारण आहे आजींनी तिसऱ्या दिवशी विचारलेला प्रश्न.

आजींचा प्रश्न

'एफ' कमी झालं म्हणून त्रास सुरू झाला, हे मी आईला सांगत होते. गर्भात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात बीटा साखळीच्या जागी गॅमा साखळी असते. सिकलसेलचा दोष बीटात आहे, गॅमात नाही. त्यामुळे जोवर गॅमा भरपूर आहे तोवर पेशी वाकत नाहीत. नवजात बाळांना सिकलसेलचा त्रास का होत नाही याचं हे उत्तर जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच सुचवलं होतं.

आजी ऐकत होत्या. म्हणाल्या, "मंग मॅडमजी, जे चांगलं रगत बनत होतं ते बंद कोनं केलं? आन् एकडाव बंद झालं त पुन्हा चालू कावून नाही होत?"

हे दोन प्रश्न आहेत आणि आपण डॉक्टर मंडळी बहुतेक वेळा पहिल्याचंच उत्तर देऊन मोकळे होतो. कोणी बंद केलं, याचं उत्तर बऱ्यापैकी माहीत आहे. अकराव्या गुणसूत्रावर ही जनुकं एका रांगेत आहेत: एप्सिलॉन, दोन गॅमा, डेल्टा, शेवटी बीटा. रक्त तयार होण्याची जागा यकृतातून अस्थिमज्जेत सरकते त्या काळात गॅमाचं काम उतरत जातं आणि बीटाचं चढत जातं. हा बदल जन्माच्या क्षणाला बांधलेला नाही. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळातही तो लवकर होत नाही, गर्भधारणेपासूनचे दिवस मोजूनच होतो. बंद करणाऱ्यांत सगळ्यात ठळक नाव बीसीएल-११ए या प्रथिनाचं. ज्यांच्यात 'एफ' मुळातच जास्त राहतं अशा लोकांची जनुकं तपासताना २००७-०८ च्या सुमारास ते हाती लागलं. ते गॅमा जनुकाच्या सुरुवातीला, वाचन सुरू होण्याच्या सुमारे ११५ अक्षरं आधी, जाऊन बसतं आणि जनुक दाबणाऱ्या इतर प्रथिनांना बोलावून घेतं.

दुसरा प्रश्न खोल आहे. मोठ्या माणसाची अस्थिमज्जा सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी बनवते. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस टिकते, सिकलसेलची दहा-वीस दिवसांत मोडते, म्हणजे या बाळाच्या मज्जेला कामाचा भार कितीतरी पट जास्त. या सगळ्या पेशी आधीच्या पेशी दुभंगून येतात. दुभंगण्यापूर्वी प्रत्येक वेळी सगळा डीएनए उलगडून त्याची नक्कल होते, आणि त्या वेळी जनुकावर बसलेली प्रथिनं बाजूला होतात. मग 'गॅमा बंद आहे' ही माहिती नव्या दोन पेशींना कोण सांगतं? डीएनएच्या अक्षरांत ती लिहिलेली नाही. बाळाच्या गॅमा जनुकाची अक्षरं गर्भात होती तीच आजही आहेत.

आधी एक काचपट्टी

बाळाच्या रक्ताचा एक नमुना वैद्यकीय महाविद्यालयात शिकवण्यासाठी म्हणून क्लायहाउअर पद्धतीने रंगवला गेला. ही पद्धत १९५७ ची, स्वस्त आणि साधी. काचपट्टीवरचा रक्ताचा थर ८० टक्के अल्कोहोलमध्ये पक्का करायचा, मग आम्ल द्रावणात बुडवायचा. 'ए' आणि 'एस' आम्लात धुऊन जातात, 'एफ' टिकून राहतं. नंतर इओसिन.

सूक्ष्मदर्शकाखाली काही पेशी गर्द गुलाबी होत्या. त्यांच्या शेजारी, अगदी चिकटून, नुसत्या कडा उरलेल्या फिकट पेशी होत्या, आतून रिकाम्या. मधल्या छटेच्याही काही. अहवालात '२८ टक्के' वाचलं की वाटतं प्रत्येक पेशीत २८ टक्के असेल. तसं अजिबात नाही. काही पेशींत गॅमा भरपूर, काहींत जवळपास शून्य. आई-बाप तेच, डीएनए तोच, रक्ताचा थेंबही तोच. पेशीगणिक फरक आहे तो जनुक उघडं की बंद याचा, आणि ती अवस्था त्या पेशीला तिच्या पूर्वज पेशींकडून मिळालेली आहे. अधिजनुकीय खुणा म्हणतात त्या या. अक्षरं न बदलता अक्षरांवर किंवा ती ज्यावर गुंडाळलेली असतात त्या प्रथिनांवर बसलेल्या रासायनिक खुणा.

सिकलसेलच्या माणसाला फायदा कोणाचा, तर गुलाबी पेशींचा. त्या जास्त दिवस टिकतात. म्हणून सरासरी टक्केवारीइतकंच 'एफ' किती पेशींत पसरलंय याला महत्त्व आहे.

नक्कल होताना काय होतं

सोप्या खुणेपासून सुरू करू. डीएनएत 'सी' या अक्षराला लागून 'जी' आलं की त्या 'सी'वर एक छोटा मिथाइल गट बसू शकतो. माणसाच्या जनुकसंचात अशा सुमारे दोन कोटी ऐंशी लाख जागा आहेत, त्यांतल्या ७० ते ८० टक्क्यांवर मिथाइल असतं. जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर ते असेल तर जनुक सहसा गप्प असतं. गॅमाच्या बाबतीत हे १९८० मध्येच दिसलं: व्हॅन डर प्लोएख आणि फ्लॅवेल यांनी दाखवलं की गर्भाच्या यकृतातल्या रक्त बनवणाऱ्या पेशींत गॅमाच्या त्या भागावर मिथाइल नसतं, मोठ्यांच्या मज्जेत असतं.

यातली मेख अशी की 'सीजी' समोरच्या धाग्यावर उलट्या दिशेने वाचलं तरी 'सीजी'च येतं. म्हणजे एका धाग्यावर खूण असेल तर समोर बरोबर त्याच जागी दुसरी असते. नक्कल होताना दोन धागे वेगळे होतात आणि प्रत्येकाला नवा जोडीदार मिळतो, हे मेसेल्सन आणि स्टाल यांनी १९५८ मध्ये दाखवलं. जुन्या धाग्यावर खूण आहे, नवा कोरा. नक्कल पुढे सरकली की मागे अशा अर्धवट जागांची रांग उरते. १९७५ मध्ये हॉलिडे आणि प्यू यांनी, आणि स्वतंत्रपणे रिग्ज यांनी, नुसत्या तर्काने मांडलं की पेशीत अर्धवट जागा ओळखून तेवढ्याच पूर्ण करणारं विकर असलं पाहिजे. ते मिळालं, त्याचं नाव डीएनएमटी-१.

पण हे विकर एकटं फारसं कामाचं नाही, हे कळायला २००७ उजाडलं. अर्धवट जागा खऱ्या अर्थाने शोधतं ते यूएचआरएफ-१ नावाचं प्रथिन. मिथाइल असलेलं अक्षर ते डीएनएच्या पिळातून बाहेर वळवून स्वतःच्या खोबणीत धरतं, म्हणजे तपासून खात्री करतं. मग शेजारच्या हिस्टोनवर, म्हणजे डीएनए ज्यांवर गुंडाळलेला असतो त्यांतल्या एका प्रथिनावर, युबिक्विटिन नावाची एक छोटी शेपटी चिकटवतं. डीएनएमटी-१ ती शेपटी बघून येतं आणि नव्या धाग्यावर मिथाइल लावतं. नक्कल करणाऱ्या यंत्राला धाग्यावर घट्ट ठेवणारं पीसीएनए नावाचं कडं असतं, डीएनएमटी-१ त्यालाही धरून चालतं. नक्कल मिनिटाला एक-दोन हजार अक्षरांच्या वेगाने पुढे जाते. बऱ्याच जागा तिच्या पाठोपाठ लगेच भरल्या जातात, काही मागे राहतात आणि काही तासांनी भरल्या जातात.

हे ऐकायला फार नेटकं वाटतं. आकडा मांडला की तितकं नेटकं राहत नाही. समजा प्रत्येक जागी खूण बरोबर भरली जाण्याची शक्यता ९९ टक्के आहे. वीस विभाजनांनंतर ती खूण टिकून असण्याची शक्यता ८२ टक्क्यांवर येते. ९८ टक्के धरली तर ६७ वर. म्हणजे एकेका जागेची स्मृती काही पिढ्यांतच झिरपून जाते. तरी जनुक वर्षानुवर्षं बंद राहतं, कारण पेशी एका जागेवर विसंबत नाही. एका भागात अनेक 'सीजी' असतात. दोन-चार सुटल्या तरी भाग एकूण मिथाइलने भरलेला असतो, आणि डीएनएमटी-३ए, ३बी ही दुसरी विकरं सुटलेल्या जागा नव्याने भरत राहतात. उलट बाजूने टेट नावाची विकरं खुणा काढण्याच्या मागे असतात. 'मिथाइल म्हणजे कायमचा शिक्का' असं शाळेच्या पुस्तकातलं वाक्य मला म्हणूनच पटत नाही. ही सतत होणारी डागडुजी आहे, आणि ती थांबली की खूण जाते.

किती लवकर जाते? डीएनएमटी-१ अजिबात नसेल तर पहिल्या विभाजनात निम्मी, दुसऱ्यात पाव, तिसऱ्यात अष्टमांश. कोणी येऊन पुसायची गरजच नाही. पेशी दुभंगत राहिली की खूण आपोआप विरळ होते. हे गणित लक्षात असू द्या, पुढे औषधाचं सगळं त्याच्यावर आहे.

हिस्टोनचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. डीएनए मोकळा नसतो. सुमारे १४७ अक्षरांचा एकेक वेढा आठ हिस्टोनांच्या गोळ्याभोवती बसलेला असतो, आणि या हिस्टोनांच्या शेपट्यांवरही खुणा असतात, काही जनुक उघडं ठेवणाऱ्या, काही दाबणाऱ्या. नक्कल करणारं यंत्र आलं की हे गोळे सुटतात. पुढे काय होतं ते आजींना सांगायला मला घराचं छप्पर आठवलं, कारण महिनाभरात त्यांच्याकडे कवेलू फेरायचे होते. समजा एका घराचे कवेलू उतरवून दोन घरं शाकारायची आहेत. जुने निम्मे इकडे, निम्मे तिकडे, शक्यतो पूर्वी होते त्याच ओळीत. मधल्या फटींत कोरे नवे. मग एक जण वर चढून शेजारचा जुना कवेलू बघतो आणि नव्याला तोच रंग देतो.

पेशीत जुने जपून उतरवण्याचं आणि दोन्हीकडे वाटण्याचं काम नक्कल करणाऱ्या यंत्राचेच भाग करतात. एका धाग्याकडे एमसीएम-२, दुसऱ्याकडे पॉल-ई३ आणि पॉल-ई४. २०१८ मध्ये काही प्रयोगशाळांनी हे भाग बिघडवून दाखवलं की मग जुने हिस्टोन एकाच बाजूला जास्त जातात. कोरे बसवण्याचं काम सीएएफ-१ करतं, तेही पीसीएनएच्या कड्याला धरून. आणि रंग देणारी विकरं वाचतात तेच लिहितात: दाबणाऱ्या एका खुणेसाठी पीआरसी-२ हा प्रथिनसंच आहे, त्याचा एक भाग जुन्या हिस्टोनवरची खूण पकडतो आणि त्यामुळे दुसरा भाग शेजारच्या कोऱ्यावर तीच खूण लावायला जोरात कामाला लागतो. मिथाइलपेक्षा ही भरपाई संथ असते. ती खूण पूर्ववत व्हायला कधी कधी एक अख्खं पेशीचक्रही पुरत नाही. पुढची नक्कल सुरू होते तरी काही हिस्टोन कोरेच असतात.

आता मज्जेतल्या पेशीचा विचार करा. तांबडी पेशी होण्याच्या शेवटच्या टप्प्यात ती पटापट तीन ते पाच वेळा दुभंगते, मग केंद्रक बाहेर टाकते. उंदरांच्या गर्भातल्या या पेशींवर २०११ मध्ये झालेल्या कामात दिसलं की या घाईच्या विभाजनांत संपूर्ण डीएनएवरचं मिथाइल कमी होत जातं आणि त्याचा संबंध नकलेच्या वाढलेल्या वेगाशी आहे. डागडुजी इथे मागे पडते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी, नाहीतर सगळं श्रेय मिथाइलला जाईल. मोठ्यांच्या पेशीत बीसीएल-११ए काढून टाकलं तर गॅमा पुन्हा चालू होतं. म्हणजे जुनी खूण एकटीच जनुक दाबून ठेवत नाही. दाबणारं प्रथिन प्रत्येक विभाजनानंतर परत येऊन बसतं, खुणा त्याला टेकू देतात, आणि ते खुणा लावणाऱ्यांना पुन्हा बोलावतं. दोन्ही एकमेकांना धरून आहेत. आजींच्या 'पुन्हा चालू कावून नाही होत' याचं उत्तर हे: कारण दर वेळी नव्याने बंद केलं जातं.

दर वेळी नव्याने बंद होत असेल, तर दर वेळी ते चुकवण्याची संधीही असणार.

संधी, आणि एका वादातून आलेलं औषध

ही संधी पहिल्यांदा पकडली गेली १९८२ मध्ये. अझासायटिडीन नावाचा रेणू 'सी'सारखा दिसतो, फक्त मिथाइल जिथे बसतं तिथे कार्बनऐवजी नायट्रोजन आहे. नक्कल होताना तो 'सी'च्या जागी शिरतो. डीएनएमटी-१ त्याच्यावर मिथाइल लावायला येतं आणि तिथेच चिकटून बसतं, सुटत नाही, शेवटी पेशी त्याची विल्हेवाट लावते. विकर संपलं की वरचं गणित सुरू होतं: निम्मं, पाव, अष्टमांश. डीसिमोन आणि सहकाऱ्यांनी रक्तक्षय केलेल्या बबून माकडांना ते दिलं आणि 'एफ' चढलं. त्याच वर्षी ले आणि सहकाऱ्यांनी बीटा थॅलेसिमियाच्या एका रुग्णाला दिलं; गॅमा साखळीचं उत्पादन सुमारे सातपट झालं. बंद झालेलं जनुक मोठ्या माणसात पुन्हा चालू करता येतं, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

लगेच वाद सुरू झाला. हे औषध पेशी मारतंही. मग 'एफ' मिथाइल गेल्यामुळे चढलं, की दुभंगणाऱ्या पेशी मेल्यामुळे मज्जेने घाईघाईत नव्या पेशी पुढे ढकलल्या म्हणून? हे पारखायला अशी औषधं दिली गेली जी नक्कल अडवतात पण मिथाइलला हात लावत नाहीत. त्यांत हायड्रॉक्सीयुरिया होतं. ते डीएनएसाठी लागणारी अक्षरं बनवणारं विकर अडवतं, नक्कल रखडते. १९८४ मध्ये सिकलसेलच्या रुग्णांत त्यानेही 'एफ' वाढलं.

मला हा इतिहास फार आवडतो. एका कल्पनेच्या विरोधात पुरावा गोळा करताना जे औषध सापडलं तेच आज आमच्या दवाखान्यात दिलं जातं. १९९५ च्या मोठ्या अभ्यासात त्याने प्रौढांतले वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर आणले, १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, २०११ मध्ये तान्ह्या मुलांतल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले, आणि २०१४ च्या अमेरिकी मार्गदर्शनात नऊ महिन्यांपुढच्या सिकलसेल रक्तक्षयाच्या बाळांना, लक्षणं असोत-नसोत, हे देऊ करावं असं आलं. वादात दोन्ही बाजू थोड्या बरोबर निघाल्या. हायड्रॉक्सीयुरिया मिथाइल न पुसता 'एफ' वाढवतं हे खरं. आणि अझासायटिडीनचा भाऊ डेसिटाबिन, पेशी मरणार नाहीत इतक्या कमी मात्रेत दिलं तरी 'एफ' वाढवतं, हेही खरं. दोघांचा वार होतो मात्र एकाच वेळी, डीएनएची नक्कल सुरू असताना.

बाळाला मे महिन्यात दुसरा झटका आला, या वेळी पायांना. त्यानंतर हायड्रॉक्सीयुरिया सुरू केलं, किलोमागे २० मिलिग्रॅम. कॅप्सूल मोठ्यांच्या मापाची. औषधनिर्मात्याने ती विरघळवून बाटली करून दिली, आईने बिनसुईच्या सिरिंजने मोजायची. दर महिन्याला रक्ततपासणी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरत नाहीत ना हे बघायला.

वडिलांनी मोबाइलवर डेसिटाबिनबद्दल पाहिलं होतं. विचारलं, "खून पुसनारं औषध हाये त तेच द्या न जी." विचारणं रास्त होतं. ते पोटातून देता यावं म्हणून दुसऱ्या एका औषधासोबत प्रौढ सिकलसेल रुग्णांत पहिल्या टप्प्याची चाचणी झाली आहे, तिचे निकाल २०१७ मध्ये आले, 'एफ' वाढलं. पण डीएनएमटी-१ गॅमाला ओळखत नाही. ते संपलं की सगळ्या कोट्यवधी जागांची डागडुजी एकदम ढिली पडते. त्यात बंदच राहायला हवीत अशी जनुकंही आली. वाढत्या वयाच्या बाळात, वर्षानुवर्षं, हे करून बघण्याइतका आधार आज नाही. वडिलांना मी तेवढंच सांगितलं.

दुसरा रस्ता डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. रुग्णाच्या रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी (स्टेम सेल) बाहेर काढून, बीसीएल-११ए जनुकाचा तांबड्या पेशींत ते चालू ठेवणारा तुकडा कापून, पेशी परत द्यायच्या. इथे खूण पुसावी लागत नाही, अक्षरंच बदलतात, त्यामुळे पुढच्या प्रत्येक नकलेत बदल आपोआप जातो. मंजुरीच्या वेळी तो बारा वर्षांपुढच्यांसाठी होता, आधी केमोथेरपी, आणि किंमत २२ लाख डॉलर. झाडीपट्टीत बसून यावर मी आणखी काय लिहू?

पुढचं

दीड वर्षाचा होईपर्यंत एकच छोटा झटका आला. घरी बसल्याबसल्या निभावला. पेनिसिलिन आता आजीच देतात, वेळेवर. दुसऱ्या हिवाळ्याअखेर कुटुंब मिरचीला गेलं, औषधाची बाटली संपली, तिकडच्या दवाखान्यात दाखवायला कागद नव्हता. परत आल्यावर मुलगा फिकट होता आणि 'एफ' काही टक्क्यांनी उतरलेलं होतं. वयाबरोबर थोडं उतरतंच, पण पांढऱ्या पेशी वाढल्या होत्या आणि तांबड्या पेशींचा आकार घटला होता, त्यावरून औषध थांबल्याचं स्पष्ट होतं. हायड्रॉक्सीयुरियावर असताना तांबड्या पेशी आकाराने मोठ्या होतात. त्याच्या पुन्हा लहान झाल्या होत्या. घेतोय तोवरच हे औषध चालतं. सोडलं की काही आठवड्यांत मज्जा जुन्या चालीवर येते.

बऱ्याच लोकांना हे औषधाचं अपयश वाटतं. आईला वर्षभर औषध कशाला, हे पटवणं आता सोपं गेलं, कारण 'दर वेळी नव्याने बंद होतं' हे तिने ऐकलेलं होतं. तिने स्वतःच विचारलं, "मंग पेशी बनत राहाते तवर द्याच लागन?" हो.

चंद्रपुरात आयसीएमआरचं (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) हिमोग्लोबिनच्या आजारांवरचं केंद्र डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं. जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम आली, चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं लक्ष्य. आमच्या भागात तपासणी वाढलेली दिसते. स्थलांतराच्या हंगामात औषध हातात कसं राहील याची सोय मात्र अजून ज्याची त्याने करायची आहे.

या घरासाठी ठरलं ते असं: निघण्याआधीच्या आठवड्यात रक्ततपासणी, मग दोन महिन्यांचं औषध बरोबर, निदान, मात्रा आणि शेवटचे आकडे एका कागदावर, मराठीत आणि तेलुगूत. तेलुगू लिहून दिलं गावातल्याच एका बाईंनी, त्यांचं माहेर पलीकडचं आहे. मिरचीच्या शेताजवळच्या आरोग्य केंद्रात महिन्याने एकदा रक्त तपासून त्याचा फोटो आशाताईंना पाठवायचा. ताप १०१ च्या वर गेला तर वाट न बघता जवळच्या मोठ्या दवाखान्यात. मोठ्या बहिणीला काही करायचं नाही, ती एए आहे. धाकट्या काकाचं लग्न ठरतंय. त्याची आणि होणाऱ्या नवरीची, दोघांची एचपीएलसी आधी करून घ्यायची, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.